मुखपृष्ठ नसलेली 'स्त्री'

महिन्याचा पहिला आठवडा आला की नाना मला पहाटेच हलवून उठवत. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी पॅसेंजर रावेरला थांबली, की पार्सलाच्या डब्यातून मासिकांचे गठ्ठे खाली पडायचे. पुण्याहून दौंड, मनमाड करत भुसावळपर्यंत, तिथे गाडी बदलून रावेर, असा त्यांचा प्रवास. तपकिरी कागद, त्यावर सुतळीचा फास आणि कोपऱ्यात जांभळ्या शाईने लिहिलेले नानांचे नाव. मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनमध्ये चढवण्याची घाई चाललेली असे, हमालांचा आरडाओरडा, ओल्या केळीच्या पानांचा वास आणि त्या गर्दीत सायकलच्या कॅरिअरवर गठ्ठा बांधत उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मी. साल १९६३ किंवा ६४ असेल. दिल्लीला जाणाऱ्या केळ्यांपुढे माझा गठ्ठा कुणाच्या खिजगणतीत नसे. मला मात्र वाटे, आज गावात आली ती एवढीच एक वस्तू. बाकी सगळे गावातून बाहेर चालले आहे.

नानांचे दुकान स्टेशन रस्त्याला होते. शाळेच्या वह्या, दौती, पाटीवरच्या पेन्सिली, पंचांग आणि एका बाजूला वर्तमानपत्रे व मासिके. 'चांदोबा' मद्रासहून येई, 'अमृत' नाशिकहून. पण दुकानाची शान म्हणजे पुण्याचा तो गठ्ठा, कारण त्यात एकाच घरची तीन भावंडे असत : 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर'. पुरुषमाणसांनी 'किर्लोस्कर' घ्यावे, कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी 'मनोहर' आणि 'स्त्री' कुणी घ्यावी ते नावातच होते. घरातल्या प्रत्येकाला आपले स्वतंत्र मासिक हवे असते, हे ज्याला प्रथम सुचले त्या माणसाला धंदा कळत होता.

मला लहानपणी एक कोडे पडत असे. आजोबांच्या खळ्यात एक लोखंडी नांगर पडलेला होता, त्यावरही किर्लोस्कर हेच नाव. नांगर करणाऱ्या माणसांनी मासिक कशाला काढावे? नानांना विचारले तर ते म्हणत, "दोन्ही उखडायचीच कामं आहेत रे." मला तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. पुढे या मासिकांचा इतिहास वाचनात आला, तेव्हा नाना फारसे चुकले नव्हते असे दिसले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा प्रवास केला. नांगर तयार झाला १९०३ च्या सुमारास. पण तो घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर ओतणे हे एक काम आणि तो ओढण्याजोगा आहे हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणे हे दुसरे. हे दुसरे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्याकडे आले. शंकरराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. कारखान्याच्या जाहिराती, तक्ते, विक्री पाहता पाहता त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाची लहानशी पत्रिका सुरू केली. कारखान्यात काय चालले आहे, नांगराची निगा कशी राखावी, धंदा कसा करावा, असा मजकूर. गिऱ्हाइकाने आणि एजंटाने घरी न्यावी, वाचावी आणि आपल्याला विसरू नये, एवढाच हेतू.

आता असे करणारे ते जगात पहिले नव्हते. अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ सालापासूनच 'द फरो', म्हणजे 'नांगराचे तास', नावाचे नियतकालिक चालवले होते आणि मोटारवाल्या फोर्डचेही तसे पत्र होते. डिअरचे नियतकालिक आजही निघते आणि अजूनही ते शेतीचेच आहे. किर्लोस्करांच्या पत्रिकेचे मात्र भलतेच झाले. ती नांगराचे तास सोडून बांधावरून सरळ घरात शिरली.

हे कसे झाले, याचे मला सुचणारे उत्तर असे आहे. शंकररावांच्या लक्षात आले असावे, की जो माणूस लोखंडी नांगराला भितो तो पुष्कळच गोष्टींना भितो. मुलीला शाळेत घालायला भितो, विधवेच्या लग्नाला भितो, बुवाच्या शापाला भितो. नांगर विकायचा तर आधी ही भीती नांगरली पाहिजे. 'खबर' हा शब्द १९२९ साली गळला आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. त्यात कथा, प्रवासवर्णने, चरित्रे, उद्योगाचे धडे आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख आले, ज्यांनी अनेक देवघरांत भांडणे लावली. बुवाबाजीवर कोरडे ओढले गेले. शंकरराव स्वतः व्यंग्यचित्रे काढत. ती पुस्तकरूपानेही आली. १९३० च्या ऑगस्टात 'स्त्री' निघाली आणि १९३४ साली 'मनोहर'. चौदा वर्षांत एका पत्रिकेची तीन मासिके झाली, आणि तीही मुंबई-पुण्यात बसून नव्हे तर सातारा-सांगलीकडच्या एका माळावरून, जिथे रेल्वे स्टेशन आणि टपाल कचेरी या दोनच गोष्टी जगाशी जोडणाऱ्या होत्या.

मराठीत मासिके त्याआधी नव्हती असे नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ पासून चालू होते आणि १९०९ साली त्यांनी पहिला दिवाळी अंक काढून आपणा सर्वांना कायमची खोड लावून ठेवली. पण मासिक म्हणजे एका संपादकाचे वेड, तो थकला किंवा गेला की मासिक बुडाले, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. कितीतरी चांगली मासिके कागदवाल्याच्या उधारीत मेली. किर्लोस्करांच्या पाठीशी कारखाना होता, स्वतःचा छापखाना होता आणि मुख्य म्हणजे एजंटाशी कसे वागायचे याची सवय होती. नांगर विकणाऱ्याला ठाऊक असते, की माल गावात पोचला म्हणजे काम संपले असे नाही. तिथल्या दुकानदाराला तो समजला पाहिजे, वेळेवर मिळाला पाहिजे. नाना म्हणायचे, "अंक चांगला की वाईट हे लोक ठरवतील. पण तारखेला आला की दुकानदाराची पत राहते." प्रकाशनाच्या धंद्यावर मी पुढे बरेच काही वाचले, पण याहून कामाचे वाक्य मला आढळले नाही.

संकटे त्यांनाही आली. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले आणि सगळ्याच मासिकांची पाने रोडावली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. त्यातूनही मासिके उभी राहिली. पुढे छापखाना आणि मासिके पुण्याला, मुकुंदनगरात आली. शंकररावांनंतर त्यांचे चिरंजीव मुकुंदराव आणि सूनबाई शांताबाई यांनी हा संसार सांभाळला. १९६४ साली विद्या बाळ 'स्त्री'त साहाय्यक म्हणून आल्या. हे सगळे आम्हाला रावेरात अर्थातच माहीत नव्हते. आम्हाला माहीत होता तो गठ्ठा.

आता त्या गठ्ठ्याचा हिशोब सांगतो, कारण मासिके वाचणाऱ्यांना तो क्वचितच ठाऊक असतो. गठ्ठ्यात किती अंक हवेत ते आधी कळवायचे, अनामत भरलेली असायची, अंकामागे ठरलेले कमिशन मिळायचे. न खपलेला अंक परत पाठवण्याची चैन आमच्यासारख्या आडगावच्या लहान दुकानदाराला परवडत नसे. बहुतेक मासिकांच्या बाबतीत जाण्यायेण्याच्या खर्चातच कमिशन गेले असते. म्हणजे दोन अंक जास्त मागवले तर नफा गेला आणि दोन कमी मागवले तर गिऱ्हाईक गेले. नाना हा अंदाज फार विचार करून बांधत. त्यासाठी त्यांची लाल कापडी पाठीची एक लांबट वही होती. तीत वर्गणीदारांची नावे, कोणता अंक, पैसे आले की राहिले. कोर्टातले वकील, स्टेशन मास्तर, शाळेचे हेडमास्तर, दोन डॉक्टर, केळीचे दोन-तीन मोठे बागाईतदार. 'स्त्री'च्या पानावरही तेच. वकीलसाहेब, मास्तर, डॉक्टर. त्या पानावर एकाही बाईचे नाव नव्हते. मला तेव्हा त्यात काही चमत्कारिक वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

उरलेल्या अंकांचे नाना काय करत? मुखपृष्ठ हलक्या हाताने सोडवून घेत आणि दुकानात दोरीवर चिमट्याने लावत. ही आमची जाहिरात. रंगीत मुखपृष्ठे उन्हाने फिकट होईपर्यंत लोंबत राहत आणि त्यावर नजर टाकून एखादा नवा माणूस विचारी, "हे काय असतं हो?" राहिलेला अंगठा कापल्यासारखा अंक मग नाना आत ठेवून देत. रद्दीत घालत नसत. तो कुठे जातो हे मला माय सांगेपर्यंत कळले नव्हते.

आमच्या घरामागे एक मोठा वाडा होता. दोन भाऊ, त्यांची कुटुंबे, गडीमाणसे आणि सगळ्यांवर त्यांचे वडील, ज्यांना सारा गाव आबा म्हणे. आबा करडे असले तरी वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी विहीर सर्वांना खुली केलेली माझ्या मायने पाहिली होती. पण घरातल्या बाईने पोथीखेरीज काही वाचायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. थोरली सून, जिला आम्ही सगळी मुले काकू म्हणत असू, मराठी चौथी शिकून आली होती. अक्षर मोत्यासारखे. माहेरी भावाच्या जुन्या मासिकांवर वाढलेली. ती मागच्या दाराने आमच्याकडे ज्वारी निवडायला सूप मागायला येई आणि परत जाताना सुपात ज्वारीखाली तो मुखपृष्ठ नसलेला अंक असे. नानांनी दिलेला, मायने झाकलेला.

मुखपृष्ठ नसणे हीच त्या अंकाची सोय होती. वरून पाहणाऱ्याला ती शाळेची जुनी पुस्तके वाटत. उन्हाळ्यात वाड्याच्या मागच्या ओसरीवर बिबड्यांचे, पापडांचे काम निघे. दहा-बारा बायका जमत. पुरुष शेतात किंवा झोपलेले. काकू लाटणे बाजूला ठेवून वाचायला बसे आणि बाकीच्यांचे हात चालत. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. एकीचे म्हणणे मला अजून आठवते, "मले वाचता येत नही, पन ऐकता तं येतं ना!" मी लहान म्हणून मला तिथे बसायला मुभा होती. मुलांच्या आजारांवरचे उपाय, लोकरीचे टाके, एखाद्या परगावच्या बाईने आपल्या दुःखाचे पाठवलेले पत्र आणि शेवटी क्रमशः कादंबरी. पत्र वाचताना ओसरीवर कुणी बोलत नसे. दुसऱ्या कुणा गावात, दुसऱ्या कुणा घरात हेच चालले आहे, हे कळल्यावर माणूस कसा गप्प होतो ते मी तिथे पाहिले.

एका दुपारी आबा दुकानात आले. हातात काठी, डोक्याला पटका. नाना गादीवरून उठून उभे राहिले.

"बसा ना, आबा."

"बसायले नही आलो. नाना, तुमच्या दुकानातून आमच्या घरात काही येतं का?"

नानांनी क्षणभर काही उत्तर दिले नाही. मग लाल पाठीची वही काढली, उघडून आबांसमोर धरली. "बघा ना, आबा. तुमच्या घराच्या नावावर एक पैसा लिहिलेला नाही."

आबांनी वही पाहिली. त्यांना आकडे आणि नावे वाचता येत. मान हलवली आणि गेले. त्या रात्री नाना नीट जेवले नाहीत. खोटे ते बोलले नव्हते, वहीत खरोखरच काही नव्हते. पण आयुष्यभर वहीतले खरे तेच खरे मानणाऱ्या माणसाला त्या दिवशी वहीआड लपावे लागले होते. पुढचे दोन महिने सूप रिकामेच गेले. तिसऱ्या महिन्यात काकूची मुलगी, माझ्याहून वर्षभराने लहान, दुकानात आली आणि पाटीची पेन्सिल घेऊन उगाच रेंगाळली. नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी मायला म्हटले, "सूप देऊन टाक त्यांना, पडून आहे."

पुण्यातल्या कचेरीत कुणी मासिकाचा खप मोजत असेल तेव्हा रावेर तालुक्यापुढे अमुक इतके अंक असा आकडा असणार. त्या आकड्यावर जाहिराती मिळत, जाहिरातींवर कागद मिळे, कागदावर मासिक चाले. धंद्याची वाढ मोजायला दुसरी रीत नाही आणि मी तिला नावे ठेवत नाही. पण आमच्या ओसरीवरचे बारा कान त्या आकड्यात कुठेच नव्हते. ज्या अंकावर बारा जणी जगत होत्या, तो हिशोबात न खपलेला अंक होता. इतकेच नाही, तर अधिक बोचरी गोष्ट अशी की ज्या महिन्यात सगळे अंक खपत, नाना खूष होऊन मायला पेढे आणत, त्या महिन्यात काकूला काहीच मिळत नसे. कंपनीची भरभराट म्हणजे तिचा उपास. दिवाळी अंक तर तिने कित्येक वर्षे पाहिलाच नाही. तो एकही उरत नसे.

मग ती विकत का घेत नव्हती, असे कुणी विचारील. तिच्या हातात पैसा नव्हता. पन्नास एकर केळीच्या घरात थोरल्या सुनेच्या पदराला एक रुपया बांधलेला नव्हता.

१९६९ साली काकूच्या मुलीला बऱ्हाणपूरकडचे स्थळ आले. घर चांगले, जमीन मोठी. मुलगी नववीत होती. आबा हो म्हणून बसले. काकूने सासऱ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडले ते तेव्हा. माय तिथे होती, तिने सांगितलेले वाक्य एवढेच : "पोरगी मॅट्रिक होईल, मंग पाहू." आरडाओरड नाही, रडणे नाही. दोन दिवस काकू जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी स्थळाला निरोप पाठवला, की पोर लहान आहे. हे सगळे 'स्त्री'मुळे झाले असे म्हणायचा मला मोह होतो आणि मासिकांचा इतिहास लिहिणारे असे मोठ्या आनंदाने लिहितात. पण ओसरीवर तीच पत्रे ऐकणाऱ्या बाकीच्या जणींच्या मुली त्याच वर्षी, दोन वर्षांत उजवल्या गेल्या. काकू मुळात तशी होती. मासिकाने फार तर तिला असे सांगितले असेल, की तू एकटी नाहीस. मुलगी मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली.

आबा गेल्यानंतर वर्षभराने, १९७३ च्या सुमारास, काकू पुढच्या दाराने दुकानात आली. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होतो आणि सुटीवर आलो होतो. तिने रुमालाची गाठ सोडून नोटा आणि चिल्लर गादीवर ठेवली. "वर्षाची वर्गणी घ्या, नाना. 'स्त्री'ची." नानांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि थांबले. "नाव काय लिहू?" वीस वर्षे शेजारी राहून त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते. मला नव्हते. मायलाही क्षणभर आठवावे लागले. काकूने नवऱ्याचे नाव सांगितले नाही, स्वतःचे सांगितले. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या वहीत आहे. त्या पानावरचे ते पहिले बाईचे नाव.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे या मासिकांचा शेवटचा मोठा बहर असावा. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झाले. हुंडा, मारहाण, कायदा हे विषय 'स्त्री'त आले आणि लोकरीचे टाके मागच्या पानांवर गेले. त्याबद्दल कुरकुरणाऱ्या वाचकही होत्या, आमच्याकडे दोघींनी तेवढ्यासाठी अंक बंद केला. १९८३ मध्ये विद्याताई संपादक झाल्या. पण वारे बदलले होते. 'मेनका', 'माहेर' आधीपासून होतीच. 'लोकप्रभा' दर आठवड्याला येऊ लागली होती. मग आला दूरदर्शन संच. 'हमलोग'च्या वेळी मागची ओसरी रिकामी पडू लागली आणि १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी स्टेशन रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नसे.

आणि आणखी एका गोष्टीने मासिकांना मारले. ती सांगताना थोडी जीभ चावावी लागते, कारण आपण हा लेख तिच्यातच वाचत आहात. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरव्या! कथा, पाककृती, आरोग्य, मुलांचे पान, शब्दकोडे, सगळे वर्तमानपत्राबरोबर, वेगळा पैसा न देता. जळगावहून वर्तमानपत्रे निघू लागली, ती सकाळच्या चहाला गावात हजर. पुण्याहून महिन्याने येणाऱ्या गठ्ठ्याची वाट कोण पाहणार? नाना पुरवणी हातात घेऊन म्हणाले होते, "हे म्हणजे भाजीबरोबर फुकट कोथिंबीर. पण लोक आता कोथिंबिरीवरच जेवतात."

विद्याताईंनी १९८६ मध्ये 'स्त्री' सोडली आणि १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' हे स्वतःचे मासिक काढले. किर्लोस्करांची तिन्ही मासिके हळूहळू दिसेनाशी झाली. नावे मात्र एका गमतीदार रूपात उरली. कि, स्त्री आणि म ही अक्षरे जोडून 'किस्त्रीम' या नावाचा दिवाळी अंक निघू लागला. नांगराच्या पत्रिकेपासून निघालेल्या घराण्याचे वर्षातून एकदा होणारे श्राद्ध म्हणा की वाढदिवस म्हणा.

नाना गेले, दुकान भावाने चालवले, आता तिथे मोबाईलचे दुकान आहे. वही माझ्याकडे आहे.

मागच्या दिवाळीत रावेरला गेलो, तेव्हा काकूच्या मुलीकडे फराळाला बोलावणे होते. ती आता निवृत्त शिक्षिका, नातवंडांची आजी. काकूला जाऊन बरीच वर्षे झाली. बोलता बोलता ती उठली आणि माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक उतरवून घेतली. आत जुन्या लुगड्याच्या कापडात बांधलेले खंड. काकूने ते अंक वर्षावार लावून जाड दोऱ्याने स्वतः शिवले होते. गोधडीला घालतात तसा लांब टाका. मुखपृष्ठाच्या जागी जुन्या कॅलेंडरचा कागद आणि त्यावर त्या मोत्यासारख्या अक्षरात महिना व वर्ष. मी पाने उलटू लागलो. १९६५ चे सात अंक. १९६६ चे पाच. १९६७ चे नऊ, हे वर्ष नानांना वाईट गेले असणार. जिथे अंक मिळाला नाही तिथे तिने एक कोरा कागद शिवला होता.

"त्या कादंबऱ्यांचं काय करत होती गं काकू?" मी विचारले. "मधलंच प्रकरण नाही, शेवटचं नाही. बायका तर ऐकायला बसलेल्या."

ती हसायला लागली. "तुला माहीत नाही का? आई घरून रचून सांगायची. समोर जुनाच अंक धरायची आणि वाचल्यासारखं करायची. एक कादंबरी होती, पुण्यातली. नायिकेला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. शेवटचा भाग दिवाळी अंकात आला, तो काही मिळाला नाही. मग आईनं शेवट केला."

"काय केला?"

"बाई सकाळच्या पॅसेंजरनं भुसावळला गेली आणि तिथल्या शाळेत मास्तरीण झाली."

"पुण्याची बाई?"

"हो. बायकांनी पण विचारलं, पुण्याहून इथे कशी आली म्हणून. आई म्हणाली, दौंडावरून."